घुमटामागे सिंथ: बँडच्या नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४

आमचा बँड फोंड्याच्या आसपासचा. अकूस्टिक गिटार मी, एक बेसवाला, मडगावचा ड्रमर, गायला आणि पेटीला माझी मावसबहीण, आणि घुमटावर, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं लावलेल्या गोव्याच्या वाद्यावर, बेसवाल्याचे मामा. ते त्याचे सख्खे मामा, पण आता सगळ्यांचेच. सात वर्षं मराठी गाणी वाजवतोय. लोक त्याला फोक रॉक म्हणतात, म्हणोत. या पावसाळ्यात आवाज बदलायचा ठरवला, म्हणजे सिंथ (सिंथेसायझर, विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड) आणायचा आणि निदान पाच गाणी त्याच्या जोरावर उभी करायची. पेटी-घुमट असलेल्या कुणाला हेच करायचं असेल तर आमच्या चुका पुन्हा करू नयेत म्हणून या नोंदी ठेवल्या. नंतर फारशा साफ केलेल्या नाहीत, फक्त शिव्या काढल्यात.

२ जून

म्हापशातल्या एकाकडून सेकंडहँड सिंथ घेतला. ३१,००० रुपये. ॲनालॉग, एका वेळी चार सूर, ३७ बारीक पट्ट्या, आत छोटा सिक्वेन्सर, म्हणजे भरून ठेवलेले सूर ओळीने आपोआप वाजवणारी सोय. मूळ अडॅप्टर हरवलेला. विकणारा म्हणाला, नऊ व्होल्टचा कुठलाही चालतो. मी मान डोलावली.

घरी येऊन गिटारच्या पेडलचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला. पिन झकास बसली. टक् असा बारीकसा आवाज आला आणि मग तो वास. जळक्या इलेक्ट्रॉनिक्सचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही.

पेडलच्या अडॅप्टरला मधली पिन ऋण असते. या सिंथला मधली धन लागते. पाठीमागच्या स्टिकरवर त्याची एवढीशी आकृती असते: मध्ये ठिपका, भोवती अर्धी कडी, दोन्हीकडे अधिक-उण्याची चिन्हं. ती बघायला दहा सेकंद लागतात. मी एकतीस हजार मोजले, पण ते दहा सेकंद काढले नाहीत.

८ जून

बाजारात टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांनी उघडून बघितला. आत उलट्या करंटपासून वाचवायला एक डायोड असतो, तो स्वतः जळून बाकीचं वाचवून गेला होता. डायोड आणि मजुरी मिळून ४०० रुपये. योग्य अडॅप्टर ९०० रुपयांना. अडॅप्टरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, सिंथच्या भोकाशेजारीही लावलाय. सगळे हसले, पण नेलपॉलिश बहिणीनेच दिलं.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नॉब फिरवताना जो खरखर आवाज येत होता तो आतल्या हिरव्या गंजाचा. आपल्याकडची हवा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा ४८० रुपये; प्रत्येक नॉबच्या दांड्यापाशी एक फवारा आणि वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवायचा. सिंथच्या खोक्यात किलोभर सिलिका जेल पिशव्यांमध्ये भरून ठेवलं, ३५० रुपये. दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर तापवून कोरडं करतो. तो तवा आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही हे आईने सांगून टाकलंय.

१६ जून

पहिली तालीम. बांदोड्याच्या आमच्या जुन्या घरात, माडीवर. तयार आवाजांमधले सगळ्यात भव्य निवडून आणले होते. एकट्याने हेडफोनवर ऐकले तेव्हा अंगावर काटा आला होता. बँडमध्ये लावले तेव्हा सगळ्यांनी एकदम वाजवणं बंद केलं, इतका गोंधळ.

तयार आवाज दुकानात गिऱ्हाइकाला भुलवायला बनवलेले असतात. त्यात आधीच एको आणि गुंज भरलेली, आवाज खालपासून वरपर्यंत पसरलेला. गिटार, पेटी, गाणं यांना जागाच उरत नाही.

२३ जून

आज फक्त काढायचं काम केलं. एको बंद. चारऐवजी दोनच सूर धरायचे. फिल्टर बराच खाली, म्हणजे आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा. त्यामुळे बहिणीचे शब्द परत ऐकू यायला लागले. मराठीत स, श, च, छ ही अक्षरं वरच्या पट्ट्यात असतात आणि चकचकीत सिंथ नेमका तिथेच बसतो. ‘चंद्र’ म्हटलं की ‘अंद्र’ ऐकू येत होतं.

एक नियम केला: सिंथ लांब सूर धरून असेल तेव्हा मी गिटारवर झाडायचं नाही, एकेक तार छेडायची. अंगवळणी पडायला महिना गेला. हात आपोआप झाडायला जातो.

३० जून

दोन कटकटी एकदम. एक, सिंथ जोडला की स्पीकरमध्ये घूं असा सतत आवाज. दोन, गिटार हातात असताना माइकला ओठ लागला की झिणझिण. दुसरी गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं सहन करत होतो. सगळ्यांना वाटायचं, असतंच.

वायरमनला बोलावलं. माडीवरच्या दोन्ही प्लगांची अर्थिंगची तार भिंतीत मध्येच तुटलेली निघाली. जुनं घर, कुणीतरी कधीतरी जोड दिलेला. अंगणात चिऱ्याच्या खाली नवा खड्डा खणला, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. तो खर्च घराचा, बँडचा नाही, असं आईनेच ठरवलं, तेव्हा इथे मोजत नाही. झिणझिण त्याच दिवशी गेली.

घूं मात्र अर्धीच गेली. सिंथ आणि लॅपटॉप दोन वेगळ्या प्लगांवर होते, त्यांच्या अर्थिंगच्या तारांचा फेरा तयार होत होता. दोन डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्या मधे लावायचे डबे) घेतले, ट्रान्सफॉर्मरवाले, ४,४०० रुपये. त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे तो फेरा तोडायचं, बटण असतं, ते दाबलं आणि एकदम शांतता. ड्रमर म्हणाला, एवढी शांतता असते हे माहीतच नव्हतं.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की प्लगची वरची मोठी पिन, अर्थिंगची, काढून टाक, घूं जाते. जाते खरी. तेवढ्यासाठी पावसात ओल्या फरशीवर उभं राहून गिटार धरू नका.

आणखी एक. जुलैत आमच्याकडे दिवे दर अर्ध्या तासाला डोळे मिचकावतात. प्रत्येक वेळी सिंथ बंद होऊन परत सुरू होतो आणि दहा-बारा सेकंद स्वतःला सुरात लावत बसतो. कॉम्प्युटरला लावतात तो साधा यूपीएस घेतला, ३,६०० रुपये. सिंथ फार वीज खात नाही, त्यावर तासभर सहज निघतो.

१४ जुलै

सूर. यावर तीन आठवडे गेले, पैकी दोन भांडणात.

पेटी आजोबांची. तिचा सूर नेहमीच्या ४४० हर्ट्झच्या मापापेक्षा किंचित वर आहे, मोजला तर ४४५ च्या आसपास, म्हणजे वीसेक सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट असतात). आजवर गिटार पेटीला लावायचो, कुणाला कळायचंही नाही. सिंथ मात्र बरोब्बर ४४० वर. दोन्ही एकत्र वाजले की दात आंबल्यासारखं व्हायचं. बेसवाल्याचं म्हणणं, पेटी काढून टाकू, आता सिंथ आहेच. बहीण चार दिवस तालमीला आली नाही.

उपाय अर्ध्या मिनिटाचा होता. सिंथच्या सेटिंगमध्ये मास्टर ट्यून असतं, ते वीस सेंटने वर घेतलं. पेटीचे सूर घासून बदलता येतात, पण तो एक दिवसाचा खेळ आहे आणि चुकला तर सूर गेला. जे सहज हलतं ते हलवायचं.

गरम होण्याचंही ध्यानात ठेवा. ॲनालॉग सिंथ चालू केल्याकेल्या सरकत राहतो. वीस मिनिटं आधी चालू करून ठेवतो, मग पुन्हा एकदा ट्यून करतो. माडीवर दुपारी पंखा फुल्ल असेल तर पंख्याचा वारा थेट सिंथवर येऊ देत नाही. एका तालमीत त्यापायीच सूर हलत होता आणि मी बहिणीला दोष देत होतो.

बहिणीची पट्टी काळी चार, म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. गिटारवर पहिल्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वाजवतो. सिंथवर मात्र बारीक पट्ट्यांवर काळी चारपासून सा धरून वाजवायला मला जमेना. ट्रान्सपोज करून, म्हणजे यंत्रालाच सूर सरकवायला लावून, पांढरी एकपासून वाजवायला लागलो. यात लाज वाटायचं काही कारण नाही.

मींड हा वेगळा विषय. गाण्यात एक जागा आहे, निषादावरून सा ला घसरत जायचं. पिच-बेंडच्या दांडीने ती दारूड्यासारखी ऐकू येत होती. ग्लाइड लावून, दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून वाजवल्यावर बसली. आमच्या सिंथवर पहिली पट्टी सुटल्यावर दुसरी दाबली तर घसरण होतच नाही. यात नवीन काही नाही. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या सिंथांवर राग वाजवले होते, आणि त्यातल्या टीबी-३०३ या बेसच्या यंत्रातही एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होतीच. मी ते कॉलेजात ऐकलं तेव्हा गंमत वाटली होती. आता कान देऊन ऐकतो.

२१ जुलै ते ४ ऑगस्ट

तीन रविवार पाण्यात. सलग लिहितो.

सिंथच्या सिक्वेन्सरवर सतत धावणारी नक्षी बसवली होती, गाण्याच्या पोटातून वाहत जाणारी. ती यंत्राच्या ठोक्यावर चालते. मग घुमट, शामेळ (मातीचंच नगाऱ्यासारखं वाद्य, आमच्यात ड्रमर वाजवतो ते), आम्ही सगळ्यांनी त्या ठोक्यावर चालायला हवं. सोपं वाटलं.

पहिला रविवार: सगळ्यांच्या कानात क्लिक, म्हणजे यंत्राची टकटक, मिनिटाला ९६ ठोक्यांवर. मामांनी इअरफोन घातला, आठ आवर्तनं वाजवली आणि काढून टाकला. ‘‘कान बंद केल्यार घुमट कशें आयकतलों?’’ खरंच आहे. घुमटाचा डावा हात मडक्याच्या मागच्या तोंडावर असतो, तो उघडझाप करून आवाज फिरवतो, आणि किती उघडायचं हे कानच ठरवतो.

दुसरा रविवार: क्लिक फक्त ड्रमरच्या कानात. मामा त्याच्या मागे येतील असा हिशेब. झालं उलटंच. तीस वर्षं आरत्या वाजवलेला माणूस कुणाच्या मागे जात नाही. ड्रमर एका कानाने क्लिक आणि दुसऱ्याने मामा ऐकत बसला आणि शेवटी दोघांच्या मधलं काहीतरी वाजवायला लागला. सोळा आवर्तनांत सिंथ पाऊण मात्रा मागे.

तिसरा रविवार: मी पायाने टॅप करून यंत्राला लय सांगायची. हातात गिटार, पायात टॅप, नजर मामांकडे. हे मला जमत नाही एवढं कळलं. त्यासाठी १,९०० चा स्टँडही आणला होता, सिंथ पायापाशी वाकवून ठेवायला. स्टँड उपयोगी पडतोय, तेवढंच.

११ ऑगस्ट

लय बाजूला ठेवली. आज बेसची भानगड.

सिंथच्या खालच्या सुरांनी घुमट गिळून टाकलं. लॅपटॉपवर मोजलं: आमच्या मोठ्या घुमटाचा मूळ आवाज ९५ ते ११० हर्ट्झच्या मधे फिरतो. बहिणीची काळी चार त्याच भागात १०४ हर्ट्झला येते. म्हणजे सिंथचा खालचा सा आणि घुमट एकाच चटईवर बसायला बघत होते, वर बेस गिटार तिसरा. एक सप्तक खाली गेलं तर ५२ हर्ट्झ, जे आमच्या बारा इंची स्पीकरांत येतच नाही.

मिक्सरवर त्या चॅनेलचं लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबलं, आमच्याकडे ते १०० हर्ट्झवर आहे, आणि सिंथचा आवाज चौकोनी लहरीवर नेला, म्हणजे वरचे सूर जास्त. ऐकताना बेस खालीच वाटतो, कान उरलेलं भरून काढतो, आणि घुमटाला जागा सुटते. आवाज थोडा वाढवला की पुन्हा घोळ, त्यामुळे फेडरवर (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणावर) चिकटपट्टीची खूण.

पण तीन गाण्यांत बेस गिटारला कामच उरलं नाही. बेसवाला काही बोलला नाही. गिटार खोळीत घातली, चहा न घेता गेला. फोंड्यात हे गंभीर मानतात.

१८ ऑगस्ट

तो आला. मामांनी आणला असावा. मी म्हटलं, खालचा हात तू वाजव. त्याने दहा मिनिटं पट्ट्या चाचपल्या आणि मग असा काही वाजवला की मी गप्प. बेसवाल्याला कुठे थांबायचं ते माहीत असतं. मी गिटारवाला, माझी बोटं मोकळी जागा दिसली की भरतात. पुढच्या रविवारपासून सिंथ पूर्ण त्याच्याकडे. म्हणजे ३१,००० मी घातले आणि मी पुन्हा गिटारवर. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बँड पहिल्यांदा एक वाटला तो त्या दिवशी.

९ सप्टेंबर

चतुर्थीचे दिवस. तालीम नाही, कोणी भेटतही नाही. मामांच्या घरी आरतीला गेलो. चार घुमटं, दोन शामेळं, कासाळे. खिडकीत मोबाइल ठेवून सगळी आरती रेकॉर्ड केली.

या दिवसांत मामांच्या घुमटाची रोज शेकवणी चालते. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता बकऱ्याचं लावतात. ते दमट हवेत लवकर ढिलं पडतं. मामा बल्बजवळ धरून तापवतात, बोटाने टिचकी मारून बघतात, पुन्हा धरतात. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच की कातडं कोण देणार ते सांगा.

रात्री घरी येऊन ठोके मोजले. सुरुवात ८८. मधे ११२. शेवटची आरती १५६. आणि चढही सरळ नाही. मामा चार आवर्तनं एका जागी टिकतात, मग एकदम उचलतात, आणि सगळं घर त्यांच्याबरोबर उचललं जातं. पुढच्या खोलीतली पोरंसुद्धा टाळ्या त्याच क्षणी जोरात करतात. आम्ही तीन रविवार या माणसाला ९६ वर बांधायला निघालो होतो.

तेव्हा ठरलं: यंत्राने मामांच्या मागे चालायचं. कसं ते ठरलं नव्हतं.

१५ सप्टेंबर

सिंथला पाठीमागे सिंक-इन असं एक छोटं भोक आहे. त्यात पाच व्होल्टचा ठोका दिला की सिक्वेन्सर दोन पायऱ्या पुढे जातो. मधली पायरी तो मागच्या अंतरावरून अंदाजाने टाकतो. मग वाद्यावर पिएझोची चकती (थरथर झाली की व्होल्ट देणारी) चिकटवायची आणि एका डब्यातल्या सर्किटने प्रत्येक आघाताचा ठोका करून सिंथला पाठवायचा.

आधी घुमटावर चिकटवली. वाईट कल्पना. घुमट गळ्यात असतं, हलतं, तार ओढली जाते, आणि मामा हलक्या बोटांनी मधले जे आघात घेतात तेही मोजले जातात. सिंथ पिसाळल्यासारखा पळाला.

मग शामेळ. ते दोन काठ्यांनी वाजतं, आणि ड्रमरची उजवी काठी अर्ध्या मात्रेवर स्थिर असते. मामांच्या मागे ड्रमर, ड्रमरमागे डबा, डब्यामागे सिंथ.

डब्यात काय आहे: आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), पिएझोला समांतर १ मेगओहमचा रेझिस्टर, सोबत ५.१ व्होल्टचा झेनर (जादा व्होल्ट अडवणारा डायोड), बाहेर जाताना १ किलोओहम आणि ३.५ मिलिमीटरचा मोनो जॅक. बाहेरचा ठोका १५ मिलिसेकंदांचा. झेनर मी पहिल्यांदा लावला नव्हता. जोरात मारलं की पिएझो पाचापेक्षा पुष्कळ जास्त व्होल्ट देतो. पहिला बोर्ड अर्ध्या तासात मेला. दोन बोर्ड ७०० रुपये, बाकी सुटं सामान ६४०. डबा म्हणजे आईचा जिऱ्याचा स्टीलचा डबा, तोही आता परत जाणार नाही.

एक एलईडी लावाच. डब्याने आघात धरला की तो लुकलुकतो. नाहीतर चूक काठीची, डब्याची की सिंथची हे रात्रभर कळत नाही.

२२ सप्टेंबर

चकती कातड्यावर लावली होती. पाऊस आला, कातडं ढिलं, डब्याला आघात कळेनात. ऊन पडल्यावर एकाचे दोन. चकती आता कातड्यावर नाही, काठाखाली मातीच्या भिंतीवर आहे, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपने. माती हवेप्रमाणे बदलत नाही.

पण मग मामांनी पाय आपटला तरी डबा ठोका द्यायला लागला. माडीची जमीन लाकडी, सगळं थरथरतं. बहिणीने तिच्या आजीची चुंबळ आणली, पाण्याची घागर डोक्यावर घेताना ठेवायची ती कापडी. शामेळ त्या चुंबळीवर ठेवलं. काम झालं. याच्यासाठी मी ऑनलाइन रबरी पाय शोधत होतो.

२९ सप्टेंबर

आता ड्रमरची फिरत. तो मधेच पाव मात्रेचे आघात घेतो आणि सिंथ दुप्पट पळतो. डब्याला सांगितलं, एक आघात धरल्यावर २०० मिलिसेकंद बहिरा हो. ९६ च्या लयीत अर्ध्या मात्रेचे आघात ३१२ मिलिसेकंदांवर, पाव मात्रेचे १५६ वर. म्हणजे मधले गाळले जातात. पहिल्यांदाच अख्खं गाणं बरोबर गेलं. सगळ्यांनी मिळून भजी खाल्ली.

६ ऑक्टोबर

भजी लवकर खाल्ली. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी मामा १५६ वर जातात. तिथे अर्धी मात्रा १९२ मिलिसेकंद. डबा २०० पर्यंत बहिरा, म्हणून एकाआड एक आघात गाळतो आणि सिंथ ऐन जोरात निम्म्या चालीवर येतो. लग्नाच्या वरातीत घोडा बसावा तसं.

दुरुस्ती एक: बहिरेपणा ठरावीक ठेवायचा नाही, मागच्या अंतराच्या ६० टक्के ठेवायचा. लय वाढली की तो आपोआप कमी होतो. छान. मग ड्रमरचा एक आघात चुकला, अंतर दुप्पट मोजलं गेलं, बहिरेपणाही दुप्पट झाला, पुढचा बरोबर आघात त्यात गडप, पुन्हा दुप्पट. एकदा निम्म्यावर गेला की गाणं संपेपर्यंत निम्म्यावरच. हे शोधायला दोन रात्री गेल्या.

दुरुस्ती दोन: नवं अंतर मागच्यापेक्षा दीडपटीहून जास्त असेल तर ते मानायचं नाही, जुनंच धरायचं. आणि बहिरेपणा ११० च्या खाली आणि २२० च्या वर जाऊ द्यायचा नाही. आता मामांनी ८८ वरून १५६ पर्यंत नेलं तरी सिंथ शेपटासारखा मागे येतो. मामांनी मुद्दाम दोनदा फसवून बघितलं. एकदा फसला. त्यांना ते आवडलं.

३० ऑक्टोबर

रेकॉर्डिंग ठेवलं होतं. पावसात जमत नव्हतं, मंगळुरी कौलांवर सर पडली की माइकला तेवढंच ऐकू येतं, म्हणून दिवाळीची वाट पाहिली. विसरलो की ही नरकासुराची रात्र. तीन वाड्यांचे नरकासुराचे तीन पुतळे, प्रत्येकापुढे भिंतीएवढे स्पीकर. आमच्या खिडक्यांच्या काचा त्यांच्या तालावर आणि आम्ही आमच्या. रेकॉर्डिंग रद्द, सगळे नरकासुर बघायला गेलो.

तिथे शाळेतला एक जुना मित्र भेटला. सिंथ घेतला म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न: मग आता हणजुण्याचं ट्रान्स का? गोव्यात सिंथ म्हटलं की लोकांना किनारा आणि तिथलं यंत्रावरचं नाचाचं संगीत, तेवढंच दिसतं. नव्वदच्या दशकात तिथले डीजे, रेकॉर्ड उन्हात वाकतात म्हणून, डॅट (डिजिटल) टेपवर वाजवत, तेवढ्यापुरती आमची आणि त्यांची अडचण सारखी. हवा कुणालाच सोडत नाही.

३ नोव्हेंबर

हिशेब, कारण बहिणीने मागितला. वर लिहिलेलं सगळं धरून ४४,३७० रुपये. पैकी वाया गेले ते जळालेला बोर्ड ३५० आणि डायोडचे ४००. वेळ वाया गेला त्याची बेरीज मी केलेली नाही.

१० नोव्हेंबर

पणजीत एका छोट्या जागी, साठेक माणसं, संध्याकाळी साडेसहाला. उघड्यावरचं होतं, दहाला आवाज बंद करावा लागतो, म्हणून लवकर. सिंथ सहा वाजताच चालू करून ठेवला, पाठीमागून येणाऱ्या खाडीच्या वाऱ्याला आड म्हणून गिटारची खोळ उभी केली.

तीन गाणी सुरळीत. चौथ्यात मामांनी उचललं आणि सिंथ गप्प. एलईडी बंद. घामाने फोमची टेप सुटून चकती लोंबत होती. ड्रमरने डाव्या हाताची काठी सोडली, अंगठ्याने चकती मातीवर दाबून धरली आणि उरलेलं गाणं एका काठीने वाजवलं. सिंथ परत आला, दोन आवर्तनं उशिरा. लोकांना ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं, एकाने तर नंतर विचारलं की ती शांततेची जागा कशी सुचली. बेसवाल्याने सांगितलं, खूप विचार करून.

टेपवर आता विश्वास नाही. लाकडी चिमटा करून चकती काठाला धरायची आहे, आतून रबर लावून. किती आवळायचा ते हळूहळू बघावं लागेल, माती आहे. हे शामेळ फुटलं तर दुसऱ्यासाठी डिचोलीला कुंभाराकडे जावं लागेल, आणि मामा म्हणतात मग त्याच्या आवाजाशी सगळं परत लावा.